वाट मोडायचं अनुदान

सुगंधाच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी धार बंद पडल्याचं कळलं.

काजरवण्यात मेलेल्या माणसाच्या वाडीजवळ, म्हणजे पानावरच्या नैवेद्याजवळ, जे पाणी ठेवतात ते नळाचं चालत नाही. जोगणीच्या धारेचं, गावच्या झऱ्याचंच लागतं, आणि ते घरच्या माणसानं आणायचं नसतं, शेजारच्या बाईनं आणायचं. म्हणून लीला मांडवकर उजाडल्यावर कळशी घेऊन गेली होती. दत्ताराम पाष्टे पडवीत बसून केळीची पानं पुसत होता. मुलगी तेजल पनवेलहून आली होती, ती आत वडे तळत होती. लीला परत आली ती कळशी उलटी धरून.

"दत्तूदादा, धारेला पाणी नाय."

"नाय म्हणजे? बारीक झालीय?"

"बारीक नाय रे. नायच. दगड कोरडा हाय. हात लावून बघितला मी."

दत्तारामला आधी तिचाच राग आला. मग तिचं तोंड बघून तो ओल्या हातांनी तसाच उठला.

जोगणीची धार सड्याच्या पायथ्याला, काजऱ्याच्या झाडीत आहे. जांभ्याच्या भेगेतून मनगटाएवढं पाणी यायचं, दगडी कुंडात पडायचं आणि तिथून पाटानं पोफळीच्या बागांना जायचं. वैशाखातसुद्धा ती कधी करंगळीएवढी झाली नव्हती. हा तर मार्गशीर्ष, पाऊस जाऊन किती दिवस झाले असतील! कुंडाच्या तळाला ओंजळभर पाणी उरलं होतं आणि त्यात बेडूक एकमेकांवर बसले होते. दगडावरचं शेवाळ अजून हिरवं होतं. दत्तारामनं भेगेला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"वर कोणी अडवलंय काय?" लीलानं विचारलं.

"धार कोण अडवणार? जमिनीच्या पोटातून येते ती."

विधी सांगायला आलेले आबा म्हणाले, नळाचं ठेव, तिला कळेल. नळाचं म्हणजे तरी कुठलं, धारेवरच बांधलेल्या टाकीतलं. तीही दोन दिवसांत रिकामी होणार होती. दत्तारामनं पेला ठेवला. कावळा लगेच आला. त्याला पाण्याचं काही नव्हतं. दत्तारामनं मात्र मनातल्या मनात सुगंधाला सांगितलं, हे तात्पुरतं ठेवलंय, धारेचं नंतर आणून देतो.

*

काजरवण्याचा सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं लांबलचक पठार. पावसात तिथं गवत आणि रानफुलं, बाकी आठ महिने काळा कातळ. पूर्वी तिथं गुरांशिवाय कोणी जात नसे. दत्ताराम स्टेशनवरून माणसं भरून वडाप जीप चालवायचा आणि सुगंधा शेती बघायची.

मग शहरांतून रस्ता सोडून गाडी चालवायची हौस वाढली. लोक मोठाल्या जीपा आणि बॅटरीवरच्या बग्ग्या घेऊन कुठल्याही डोंगरात घुसायला लागले, माळ उकरून जायला लागले. सरकारनं त्यावर उपाय काढला. अशा प्रत्येक गाडीच्या नोंदणीवर अधिभार लावला आणि त्या पैशातून 'आडवाट योजना' सुरू केली. ज्या गावाला सडा किंवा पठार आहे त्यानं वाट आखायची, सांभाळायची. त्याला अनुदान मिळेल. गाड्यांनी त्याच वाटेनं जायचं, बाकीचा डोंगर सोडायचा. कल्पना वाईट नव्हती.

काजरवण्याला अनुदान मिळालं. फलक आले, रुतलेली गाडी ओढायचं विंच आलं. सड्यावरचा खड्डा न् खड्डा दत्तारामच्या पायाखालचा, म्हणून तो वाटाड्या झाला. वाटेच्या देखभालीचं काम बायकांच्या गटाला मिळालं आणि गटाची प्रमुख होती सुगंधा. शनिवार-रविवारी गाड्या येऊ लागल्या. मुंबईला गेलेली काही पोरं बायकामुलांसकट परत आली, त्यांनी भाड्यानं द्यायला घराला खोल्या काढल्या. पाहुण्यांच्या पंगती बसायला लागल्या. बंद पडायला आलेल्या शाळेत पुन्हा पोरांचा आवाज आला.

अनुदानाला एक अट होती, चाकोऱ्यांची. चाकांनी जमीन वितीपेक्षा खोल उकरली, तर पुढचा हप्ता बंद आणि वाटही बंद. मोजणी ड्रोन करायचा, माणूस नाही. सड्यावर माती असते ती जेमतेम वीतभर. ती एकदा गेली की माणसाच्या जन्मात परत येत नाही. पहिल्या दोन वर्षांत चाकोऱ्या इतक्या पडल्या की गाव घाबरलं. त्या वेळी 'सांध' आली.

सांध म्हणजे जंतू. असले जंतू मातीत असतातच, शास्त्रज्ञांनी त्यातले चांगले निवडून वाढवले होते. हा जंतू युरिया खातो. युरिया मोडताना तो जे बाहेर टाकतो, त्याला चुना भेटला की त्याचे बारीक स्फटिक होतात. शिंपलीचं कवच ज्याचं बनतं, त्याच पदार्थाचे. मातीच्या दोन कणांमध्ये असा स्फटिक बसला की कण चिकटतात, आणि सुटी माती दगडासारखी धरून राहते. पाऊस गेल्यावर चाकोरीत माती ओढायची, पिंपातली सांध फवारायची, वरून युरिया आणि चुन्याच्या मापाच्या पुड्या सोडायच्या. आठवड्याभरात चाकोरी भरून यायची. पुडीतलं खाणं संपलं की जंतू झोपतात, पुढं सरकत नाहीत, असं सांगितलं होतं. बाटलीत आणि प्रयोगाच्या शेतात ते खरंही ठरलं होतं.

सगळीकडच्या चाकोऱ्या भरल्या. एक सोडून. सड्याच्या मध्यावर एक पसरट खळगा आहे. पावसात तिथं तळं साचतं. तिथं माती खोल, तिथली चाकोरी काही केल्या भरेना आणि ड्रोन यायचे दिवस जवळ आलेले.

त्या दिवसांत एका संध्याकाळी सुगंधा घरी आली तेव्हा तिच्या हाताची कातडी भेगाळली होती.

"हाताला काय झालं?" दत्तारामनं विचारलं.

"चुना लागला. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजल्या आज आम्ही. टोपलीभर."

"कशाला?"

"खळग्यातली चाकोरी भरत नाय. त्या पुड्यांत असतं काय ओ, चिमूटभर! भाताच्या दाढीत तरवा पिवळा पडला तर आपण काय करतो? सैल हातानं देतो ना युरिया? मग हे पण जीवच. खाऊ दे पोटभर."

"सांधवाल्या मॅडमनी माप दिलंय."

"मॅडमचं माप मॅडमच्या बाटलीचं. आपला खळगा केवढा!"

दत्ताराम हसला. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, कसा वाढवायचा हे सुगंधानं काजरवण्यातल्या निम्म्या सुनांना शिकवलं होतं. त्यानं तिच्या हातांना खोबरेल लावलं आणि विषय संपला. खळगा खळ्यासारखा टणक झाला. ड्रोन येऊन गेला, हप्ता आला. पुढच्या वर्षीही तसंच केलं, त्याच्या पुढच्याही.

मग गेल्या वर्षी कापणी संपता संपता सुगंधाला ताप आला. डॉक्टर लेप्टो म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत मूत्रपिंडं गेली होती. गावानं वाटेच्या तोंडाशी मोठा फलक लावला, 'सुगंधा आडवाट'. दत्ताराम रोज त्या फलकाखालून सड्यावर जायचा. घरी जाण्यापेक्षा त्याला ते बरं वाटायचं.

*

धार बंद पडल्यावर योजनेच्या लोकांनी डॉ. फरीदा मुकादमना पाठवलं. कोकणच्या मातीसाठी सांध तयार करणाऱ्यांपैकी त्या एक. मूळच्या खाडीपलीकडच्या. आडपडदा न ठेवता बोलणारी बाई. त्यांनी सड्यावर यंत्रानं भोकं पाडली, हिरवा रंग सोडला, कुंडापाशी माणूस बसवला. रंग धारेला आलाच नाही. मग त्यांनी शाळेत गाव जमवलं.

"यंदा पाऊस कमी झाला का?" त्यांनी विचारलं.

"छे! सड्यावरून येणाऱ्या पऱ्याला दोनदा पूर आला," सरपंच मनीष गोरुले म्हणाला. "त्यावरचा साकव बुडला होता."

"तेच तुमच्या धारेचं पाणी. यंदा ते मुरलं नाही, वरच्या वर वाहून गेलं." त्यांनी जांभ्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला. "जांभा म्हणजे दगड खरा, पण भोकाभोकांचा. पाव असतो तसा. सड्यावर साठलेलं पाणी या भोकांतून हळूहळू उतरतं आणि खाली धारेला येतं. पावसातलं पाणी वैशाखात मिळतं ते त्यामुळं. आता हा बघा." दुसरा तुकडा त्यांनी फोडून दाखवला. त्याची सगळी भोकं पांढरी भरलेली होती. "हा मी दोन पुरुष खोल काढला. सांध एक वीत जायला हवी होती. पोट भरलेले जंतू पाण्याबरोबर खाली उतरलेत आणि जिथं गेले तिथं भोकं बुजवत गेलेत. कोणीतरी यांना मापाच्या बाहेर खायला घातलंय."

बायका पदराशी चाळा करत बसल्या.

"आम्ही मापानंच दिलं मॅडम," मनीष म्हणाला.

"मला कोणाचं नाव नको आहे. जागा हवी आहे. सडा केवढा लांब आहे, सगळीकडे भोकं पाडायला माझ्याकडे माणसं नाहीत. सुरुवात कुठं झाली ते कळलं तर तिथंच सौम्य आम्ल सोडून बघता येईल. लिंबानं चुना विरघळतो तसं. पण लवकर. स्फटिक मुरले, एकात एक गुंतले, की मग आम्लही आत शिरत नाही."

गाव एकेक करून उठलं. बाहेर पडताना मनीषनं दत्तारामला पायरीवर गाठलं.

"काका, तुम्ही काय बोलू नका."

"मी काय बोललो?"

"बोलला नाय, पण तुमचं तोंड बोलत होतं. नियम ठाऊक हाय ना? जादा खाणं घातलं तर अनुदान बंद, आधीचं पण परत करायचं. माझा भाऊ नोकरी सोडून आलाय इथं. आणि ते एक सोडा, फलकावर काकीचं नाव हाय. उद्या पोरं काय म्हणतील? हिनं आमचं पाणी मारलं म्हणतील."

दत्तारामला ते अनुदानाचं काही वाटलं नाही. शेवटचं वाक्य मात्र त्याच्याबरोबर घरापर्यंत आलं.

घरामागं, न्हाणीच्या पलीकडे, शिंपल्यांची रास तशीच होती. सुगंधानं पुढच्या वर्षासाठी साठवलेली. लीला तिथं त्याची वाट बघत उभी होती.

"माझं नाव सांग," ती म्हणाली.

"येडी हायस काय?"

"आम्ही सगळ्याच होतो वर. वयनी म्हणाली टाका, आम्ही टाकलं. मी जिवंत हाय, मला कोण काय बोललं तर मी भांडेन. ती काय बोलणार?"

"तुझी सून खोल्या चालवते. तुझ्यावर आलं तर तिच्यावर येईल."

"मग नाव नको कोणाचं. जागा तेवढी दाखव जा."

"जागा दाखवली की विचारणार, कोणी ओतलं, किती ओतलं."

"किती ते आम्हाला तरी कुठं ठाऊक हाय," लीला म्हणाली. "हाताला येईल तेवढं."

*

दत्तारामनं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाला आणि पौष गेला, माघ गेला. गावात टँकर यायला लागला. पोफळींच्या झावळ्या वाकल्या, कोवळी सुपारी गळून बागेत टपटप पडायला लागली. शनिवारी गाड्या मात्र येतच होत्या. वाट कधी नव्हती इतकी टणक झाली होती. दत्ताराम त्यांना वाट दाखवायचा, रुतलं तर ओढायचा. पण आता काही रुततच नव्हतं. एकदा एक पाहुणा म्हणाला, "काका, भारी ठेवलाय ट्रॅक!" दत्तारामला त्याचं तोंड बघवेना.

तेजलचा रोज फोन यायचा. एक दिवस त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आई असती तर तिनं स्वतःच जाऊन सांगितलं असतं."

"ती असती तर मला सांगायची पाळीच आली नसती."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही?"

"माझ्याकडे तिचं काय उरलंय गो? तो फलक तेवढा हाय. लोक नाव वाचतात, चांगलं बोलतात."

"आणि पाणी?"

शिमग्याची पालखी त्याच्या अंगणात आली तेव्हा पालखीखाली ओतायला घरात तांब्याभर पाणी काढताना त्याला हात आखडता घ्यावा लागला. पालखी नाचवणारी पोरं घामेजून उभी होती आणि त्यांना पाणी विचारायची त्याला लाज वाटली. सुगंधा असती तर तिनं हंडा आणून ठेवला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉ. मुकादमना घेऊन सड्यावर गेला.

"हा खळगा," तो म्हणाला. "इथं घातलं. माझ्या बायकोनं. सुगंधा पाष्टे. तीन वर्षं घातलं."

"किती?"

दत्तारामनं मूठ उघडून दाखवली. मग म्हणाला, "शिंपल्यांचा चुना टोपलीनं. युरिया गोणीतून."

डॉक्टर खाली बसल्या. त्यांनी खळग्याच्या जमिनीवर हात फिरवला.

"तिनं मुद्दाम नाय केलं. तरव्याला देतात तसं दिलं," दत्ताराम म्हणाला.

"माहीत आहे मला. माझी आजीही तसंच द्यायची. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "पाष्टेकाका, हे तुम्ही मार्गशीर्षात सांगितलं असतंत..."

वाक्य अर्धं सोडून त्यांनी खळग्याच्या कडेनं खुणेचे दगड मांडायला घेतले.

*

खळग्यात बोअर पाडले, आम्ल सोडलं. सगळं गाव कुंडापाशी जमलं. दुपार कलल्यावर भेगेतून खरखर आवाज आला आणि दुधासारखं पांढरं पाणी बोटाएवढं पडायला लागलं. बायका रडायला लागल्या. कोणी कळशा पुढं केल्या. डॉक्टरांनी हात आडवे धरले. "भरू नका, पिण्याचं नाही हे अजून. स्वच्छ होईपर्यंत थांबा."

दत्ताराम तांब्या घेऊन आला होता. सुगंधाला द्यायचं म्हणून. त्यानं तांब्या भरला नाही. हे धारेचं पाणी नव्हे, औषधाचं, असं त्याला वाटलं. स्वच्छ झालं की भरू.

दिवस मावळायच्या आत पाणी थेंबावर आलं आणि बंद पडलं. नंतर आठवडाभर आम्ल सोडलं, पण भेग पुन्हा ओली झाली नाही. तांब्या भरायला हवा होता असं दत्तारामला पुढं फार वेळा वाटलं.

डॉक्टर जाताना त्याच्या पडवीत बसल्या. लीलाही होती.

"खरं सांगते," त्या म्हणाल्या. "खाणं संपलं की हे जंतू मरत नाहीत, बी होऊन पडून राहतात. युरिया मिळाला की पुन्हा उठतात. आम्ही धरलं होतं की सड्यावर युरिया कुठून येणार? पण तुमची गुरं सड्यावर चरतात. गुरांच्या मुतात युरिया असतो. चुना आता खाली भरपूर आहेच. म्हणजे ते आपले आपण चाललेत. वाटेच्या खालून, खळग्यापासून वरच्या वळणापर्यंत."

"मग उपाय?" लीलानं विचारलं.

"वाट फोडायची. खळग्यापासून वळणापर्यंत, खोल. कवच काढून टाकायचं, पावसाला आत जायला जागा द्यायची, आणि काही वर्षं तिथं ना गुरं ना गाड्या."

"मग धार येईल?" दत्ताराम म्हणाला.

"ते नाही सांगता येत. फोडली नाही तर येणार नाही, एवढं सांगता येतं."

*

तो जिल्ह्याच्या कार्यालयात गेला. योजनेचा अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं चहा मागवला.

"बोला, नवीन वाट?"

"नाय साहेब. आहे ती मोडायचीय."

"मोडायची म्हणजे वळवायची?"

"नाय. फोडून टाकायची. मशीन लावून. पाणी मुरायला पायजे."

अधिकाऱ्यानं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा काका. आखणीला अनुदान आहे, बांधणीला आहे. देखभाल, फलक, बचाव साहित्य, प्रशिक्षण, सगळ्याला खर्चाचं शीर्ष आहे. मोडायला शीर्ष नाही. शीर्ष नसेल तर पैसा टाकायचा कुठं?"

"मग पाण्याच्या खात्यात देऊ अर्ज?"

"ते म्हणतील, वाट आमची नाही."

"आणि जादा खाणं घातलं त्याचं? डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय. त्यात अनुदान बंद करणार असाल तर करा. बंद तरी होईल वाट."

"ते पत्र आलंय," अधिकारी म्हणाला. "पण आमच्याकडे ड्रोनची मोजणी धरतात. मोजणीत तुमची चाकोरी शून्य आहे. काका, तुमचं गाव यंदा पहिलं आलंय. तुम्हाला कळवलं नाही का कोणी?"

दत्ताराम चहा तसाच ठेवून उठला.

गावात ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. मनीष गोरुले साकवावर भेटला, हसत होता. "काका, उगाच घाबरलो ओ आपण! काहीच झालं नाय. उलट वाढीव मिळणार. टँकर पण पाहुण्यांच्या सोयीत बसवतो मी."

"फलक कुठं गेला?" दत्तारामनं विचारलं. वाटेच्या तोंडाशी नुसते खांब होते.

मनीषचं हसणं गेलं. "आदर्श आडवाटेचा नवीन लागणार हाय. आणि काका, तुमच्यासाठीच काढला तो. टँकरच्या रांगेत बायका काय काय बोलतात, तुमच्या कानावर नको."

ते त्याच्या कानावर आधीच आलं होतं. सुगंधानं तरवा लावायला शिकवलेली एक सून हंडा ठेवता ठेवता दुसरीला म्हणाली होती, "तिला काय, ती गेली सुटून." दत्ताराम मागंच उभा होता. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. रात्रीचा टँकर धरायला ती बिचारी तान्हं घरात टाकून यायची.

*

वैशाखात दत्तारामनं वाटाड्याचं काम सोडलं आणि पहार घेऊन सड्यावर जायला लागला. पहार कवचावर पडली की मनगटापासून खांद्यापर्यंत कळ यायची. सबंध सकाळ घातली तर आडवं झोपता येईल एवढी जागा फुटायची. शनिवारी गाड्यांना तो खड्डा लागायचा. मनीष एकदा वर आला, भांडला नाही, फुटलेली जागा पावलांनी मोजली. मग म्हणाला, "काका, तुम्हाला अडवणार नाय मी. पण वाट अशी ठेवता येत नाय."

सोमवारी गटाच्या बायका पिंप घेऊन वर आल्या. त्यात लीला होती.

"दत्तूदादा, तू फोडलंस ते भरायला सांगितलंय."

"कोणाच्या पैशात?"

"देखभालीच्या. त्याला शीर्ष हाय म्हणे."

दत्तारामला हसू आलं. वर्षाच्या वर झालं होतं त्याला हसून. लीलाही हसली, मग पदर तोंडाला लावून रडली.

"भर," तो म्हणाला. "तुझी रोजी हाय."

"भरते. पण पुड्या विसरते," लीला डोळे पुसत म्हणाली. "इतकंच माझ्या हातात हाय."

पुड्या नसल्या तरी गुरं होतीच. संध्याकाळी ती खळग्यातून शेपट्या हलवत उतरायची. कोणाची गुरं बंद करणार? चारा विकत घ्यायची ज्यांची ऐपत होती त्यांनी गुरं कधीच विकली होती, ज्यांची उरली होती त्यांना सड्याशिवाय जागा नव्हती. दत्ताराम आठवडाभर जे फोडायचा ते पुढच्या आठवड्यात अर्धंअधिक धरलेलं असायचं. तरी तो जायचा. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

पावसात फुटलेल्या तेवढ्या तुकड्यात पाणी साचलं. ते मुरतंय का हे बघायला त्यानं कडेला काठी रोवली. पाऊस उघडल्यावर पाणी उतरलं. पण डॉक्टर फोनवर म्हणाल्या, उन्हानंही तेवढं उतरतं, त्यावरून काही धरू नका. पऱ्याला यंदाही पूर आला. साकवाचा कठडा गेला.

मार्गशीर्षात सुगंधाची तिथी आली. तेजल या वेळी आली नाही. लेकराची परीक्षा होती, आणि पाण्याविना चार माणसांचा स्वयंपाक कसा करायचा हाही प्रश्न होता. लीलानं दोन वडे करून आणले. ती रिकामी कळशी घेऊन रीतीप्रमाणं धारेवर गेली आणि रिकामी घेऊन आली. दत्तारामनं वाडीजवळ टँकरचं पाणी ठेवलं. या वेळी त्यानं सुगंधाला नंतर देतो असं सांगितलं नाही.

मग त्यानं पहार उचलली आणि वर गेला. खळगा निम्माही फोडून झालेला नाही. खळग्यापासून वरच्या वळणापर्यंतची वाट सगळी फोडायची राहिली आहे.